अर्ध्या मिनिटाची चिमणी

मराठी माणसाला पक्षी काढायला शिकवावं लागत नाही. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला एक कौलारू घर आणि वर आकाशात मराठी चारचे पाच-सहा आकडे. हे आकडे म्हणजे पक्षी. ते कोणते पक्षी, कुठे निघाले, त्यांची मनःस्थिती काय, असले प्रश्न चित्रकलेच्या बाईंनी कधी विचारले नाहीत. आकडा बिघडला तर खोडरबर होतंच. पुढे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्यांनी पोपट आणि मोरापर्यंत प्रगती केली, पण तीही खोडरबराच्याच आधाराने. आपल्याकडच्या शालेय चित्रकलेत पेन्सिलीपेक्षा खोडरबराचं कर्तृत्व मोठं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चिनी शाईच्या चित्रात नेमकं तेच नाही. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, आणि चुकलं तर वरून फासायला पांढरा रंगही नाही. कुंचला कागदाला टेकला की टेकला. सराईत हात अर्ध्या मिनिटात चिमणी उतरवतो. डोक्याचे दोन फटकारे, पाठीचे दोन, पंखावर चार गडद रेघा, शेपूट, पोटाखालून एक ओळ, पाय, संपलं. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपणही करू. असं वाटलेल्या लोकांच्या जिवावर कुंचले, कागद आणि शाई विकणाऱ्यांची शेकडो वर्षं बरकत चालू आहे.

त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी काय काय करावं लागतं, ते आता बघू.

शाई बाटलीतून येत नाही. म्हणजे हल्ली येते, पण बाटली उघडणाऱ्याला जाणकार मंडळी चित्रकार म्हणत नाहीत, ग्राहक म्हणतात. खरी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची घट्ट वडी. काजळी पाइनच्या लाकडाची असेल तर काळा रंग जरा विझलेला दिसतो. तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल जाळून धरलेली असेल तर तुकतुकीत. सरस जनावराचा, त्यामुळे त्याचा वास मारायला कापूर, कस्तुरी असं काहीबाही घालतात. ही वडी दगडी सहाणेवर थोडं थोडं पाणी घेत उगाळायची. सावकाश, गोल गोल, जोर न लावता. घाई केली तर शाई भरड होते. उगाळता उगाळता चित्रकाराचं मन शांत होत जातं, असं या विषयावरच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. उगाळणं अर्ध्यावर असताना कुकरची तिसरी शिट्टी होते आणि आतून "अहो, तेवढा गॅस बंद करा" असं ऐकू येतं, तेव्हा मनाचं काय होतं, याबद्दल ग्रंथकार गप्प आहेत.

या शाईच्या नादाने भलीभली माणसं कामातून गेली आहेत. सू शी (१०३७–११०१) हा चीनमधला थोर कवी. शिवाय सरकारी अधिकारी, चित्रकार, टीकाकार आणि खवय्या. राजकारणात हरला आणि उतारवयात पार हायनान बेटावर हद्दपार झाला. तिथे मनासारखी शाई मिळेना, म्हणून त्याने घरीच काजळी धरायचा उद्योग मांडला. एका हिवाळ्यात रात्री भट्टीने पेट घेतला आणि घर जळता जळता वाचलं. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि तीत सुटकेपेक्षा आनंद जास्त आहे: आग विझल्यावर जी शाई हाती लागली ती म्हणे आयुष्यभर पुरेल एवढी होती. घरच्या मंडळींचं यावर काय म्हणणं पडलं, ते त्याने लिहिलेलं नाही. कवीच तो.

शाई झाली की कागद. या चित्रांचा खानदानी कागद शुआन. तो आन्हुई प्रांतात जिंग नावाच्या भागात होतो, एका विशिष्ट झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून. त्याच्या निर्मितीचे शंभराहून जास्त टप्पे आहेत. साल आणि पेंढा डोंगराच्या उतारावर पसरून ऊनपावसात पांढरा होईपर्यंत महिनोन्महिने ठेवतात. २००९ साली युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कागद दोन जातींचा, कच्चा आणि तुरटी-सरसाचं पाणी दिलेला पक्का. पक्का कागद समजूतदार, शाई अडवून धरतो. बारीक रेघांची रंगीत कामं त्याच्यावर. पण झरझर काढायच्या शाईच्या चिमणीला लागतो कच्चा, आणि तो शाई पितो. कुंचला क्षणभर रेंगाळला की कागद पिऊन मोकळा. विचार करायला थांबलात तर त्या विचाराचाच डाग पडतो. म्हणून विचार आधी करायचा, किंवा अजिबात करायचा नाही. दोन्ही पंथांचे थोर चित्रकार होऊन गेलेत.

कुंचला लेखणीसारखा तिरका धरायचा नाही, छताकडे बघत उभा धरायचा, आणि कोपर टेबलावर टेकायचं नाही. केस बोकडाचे असतील तर मऊ, पाणी भरपूर धरतात. वीझल नावाच्या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या शेपटीचे असतील तर तरतरीत, चोच आणि नख्यांना चांगले. सगळा कुंचला फिकट शाईत बुडवायचा, मग फक्त टोक गडद शाईत. असा कुंचला आडवा दाबला की एकाच फटक्यात गडदपासून फिकटपर्यंतचं अख्खं पीस उमटतं. काळ्या शाईत पाच रंग असतात असं चिनी चित्रकार मानतात, ते याच जोरावर. आपल्या शाळेत काळ्या रंगाची वडी कावळा आणि केस एवढ्यासाठीच असायची.

मनगट कसं वळवावं हे शिकायला पूर्वीच्या लोकांनी पक्ष्यांकडेच धाव घेतली. चौथ्या शतकातला वांग शीझी हा चिनी सुलेखनाचा मेरुमणी. त्याला पाळीव हंसांचं भलतं वेड होतं. हंसाची मान बघून त्याने मनगटाची वळणं उचलली, असं सांगतात. त्याची एक गोष्ट इतिहासग्रंथात आहे. एका गावात एका म्हातारीजवळ सुंदर ओरडणारा एक हंस होता. वांगने तो विकत मागितला, म्हातारी देईना. तेव्हा निदान बघून तरी येऊ म्हणून तो मित्रांना घेऊन निघाला. एवढा मोठा माणूस आपल्या घरी येतोय हे कळल्यावर म्हातारीने पाहुणचारात कसर ठेवली नाही. तिने तो हंस कापून शिजवला. वांग पुढे कित्येक दिवस उसासे टाकत होता म्हणतात. म्हातारीची बाजू कोणी मांडलेली नाही. ती मला मांडावीशी वाटते: चार माणसं जेवायच्या वेळी घरी आली तर बाईने करायचं काय?

असो. तर आता पक्षी.

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर एका जुन्या चिनी पुस्तकात अगदी सोपं करून दिलं आहे. 'मोहरीच्या दाण्याएवढी बाग' असं नाव असलेल्या नानजिंगमधल्या एका घराच्या नावाने ते निघालं. पहिला भाग १६७९ साली, फुलांचा आणि पक्ष्यांचा भाग १७०१ साली. चीनमध्ये चित्र शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांचं हे पाठ्यपुस्तक. हुनान प्रांतातल्या एका तरुण सुताराला ते उसनं मिळालं, त्याने त्यातली चित्रं रात्री बसून गिरवली आणि पुढे तो छी बाइशी (१८६४–१९५७) झाला. पुस्तकाचा युक्तिवाद असा: पक्षी अंड्यातून येतो, म्हणून अंडं काढा. त्याला डोकं लावा, शेपूट लावा, मग पंख आणि पाय. तर्क बिनतोड आहे. फक्त डोकं, शेपूट, पंख आणि पाय लावूनही बऱ्याच जणांच्या कागदावर शेवटी अंडंच उरतं, त्याबद्दल पुस्तकात परिशिष्ट नाही.

अंडं डोक्यात धरायचं, कागदावर पहिली उतरते ती चोच. तीही वरची आधी. चोच कुठे वळली त्यावर पक्ष्याची मान, मानेवर पाठ, पाठीवर शेपूट, असा सगळा संसार ठरतो. पाय सगळ्यात शेवटी. फांदीसुद्धा बहुधा पक्ष्यानंतर येते. म्हणजे पक्षी आधी हवेत बसतो, मग त्याच्या नख्यांखाली झाड सरकवतात. शिकाऊ चित्रांत हे झाड वेळेवर पोचत नाही.

आणि चिमणी म्हणजे आपली घरातली चिमणी नव्हे बरं. चिनी चित्रांत जी असते तिचं डोकं तपकिरी आणि पांढऱ्या गालावर एक काळा ठिपका. आपल्याकडच्या चिमण्याचं डोकं राखाडी असतं आणि गालावर काही नसतं. तेव्हा समोर खिडकीत बसलेली चिमणी बघून आणि चिनी पुस्तक उघडून एकदम काढायला बसलं तर दोन्ही देशांना मान्य नसलेला पक्षी तयार होतो.

त्यातून चीनमध्ये पक्ष्यांच्या चित्रावर डोळा ठेवून असणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. ह्वांग छ्वान हा दहाव्या शतकातला दरबारी चित्रकार. तो आजच्या सिचुआनमध्ये राजाश्रयाने राहत होता. आपल्या मुलाला सरावासाठी त्याने रेशमावर चोवीस जीव काढून दिले, पक्षी, किडे आणि दोन कासवं. हा गृहपाठ आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यातली एकेक चिमणी बघितली की मुलाला सराव करायचा धीर कसा झाला असेल, असा प्रश्न पडतो. तर या ह्वांगवर शंभरेक वर्षांनी ठपका आला, आणि तो नोंदवला त्याच आपल्या शाईवाल्या सू शीने: ह्वांगने उडणारा पक्षी काढला त्याची मानही ताणलेली आणि पायही ताणलेले. पक्षी असे उडत नसतात. मान ताणली तर पाय आखडतात, पाय ताणले तर मान. कोणीतरी बाहेर जाऊन खात्री केली म्हणे, आणि ते खरं निघालं. एवढ्या मोठ्या चित्रकाराने नीट पाहिलं नाही, असा निष्कर्ष काढून मंडळी घरी गेली.

मला यात ह्वांगची बाजू घ्यायची आहे आणि त्यासाठी चीनला जायचीही गरज नाही. बगळा मान आखडून उडतो, बरोबर. पण करकोचा? मान पुढे, पाय मागे, दोन्ही सरळ. क्रौंच तसाच. आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तो बघा, पुढे काठी, मागे काठी, मधे गुलाबी पंख. बाहेर जाऊन खात्री करणाऱ्या त्या गृहस्थांना बहुतेक बगळा भेटला. त्यांना ऐरोलीच्या पुलावर उभं केलं असतं तर ह्वांग छ्वानची नऊशे वर्षांची बदनामी टळली असती. सू शी वारल्यावर अकराच वर्षांनी, १११२ साली, राजवाड्याच्या छपरावर क्रौंच उडत असल्याचं एक चित्र झालं, त्यातले पक्षीही मान आणि पाय दोन्ही ताणूनच उडतात. पण त्या चित्राला चूक म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. चित्रकार सम्राट होता.

हा सम्राट ह्वीझोंग. पक्षी काढावेत तर याने. त्याच्या चित्रशाळेतल्या मंडळींनी एकदा मोर काढला, उंचवट्यावर चढताना उजवा पाय उचललेला. सम्राटाने बघितलं आणि म्हणाला, चूक. मोर चढताना नेहमी डावा पाय आधी उचलतो. ही गोष्ट बाराव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. सम्राट म्हणाला म्हटल्यावर मोरांनीही पुढे काळजी घेतली असणार. मोराच्या पायाकडे इतकं बारीक लक्ष असलेल्या या माणसाचं उत्तरेच्या सरहद्दीकडे तेवढं लक्ष नव्हतं. ११२७ साली जुर्चेन फौजांनी राजधानी घेतली आणि सम्राटाला, त्याच्या मुलाला आणि दरबाराला धरून उत्तरेला नेलं. तिथेच ११३५ साली तो कैदेत मेला. त्याचे पक्षी मात्र सुटले. एक पोपट बॉस्टनच्या संग्रहालयात सुखरूप आहे.

पण ही सगळी पाय आणि मानेची भांडणं. खरी गंमत डोळ्यात आहे.

चिमणीचा डोळा म्हणजे गडद शाईचा एक ठिपका आणि त्यात सुईच्या अग्राएवढी कोरी जागा. ती कोरी जागा वर गेली, खाली गेली, बाजूला सरकली की पक्ष्याचा स्वभाव बदलतो. पोटावर, पंखावर चित्रकार काही लपवू शकतो. डोळ्यात नाही. ज्या मनःस्थितीत तुम्ही टेबलाशी बसलात ती पक्ष्याच्या डोळ्यातून कागदावर येते, आणि पुसता तर येतच नाही.

याचा सगळ्यात मोठा उस्ताद बादा शानरेन. मूळ नाव झू दा, जन्म १६२६, मिंग राजघराण्याच्या एका शाखेतला. १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं तेव्हा हा जेमतेम अठरा वर्षांचा. नव्या राजवटीत जुन्या राजाचा नातेवाईक असणं हा आरोग्याला घातक प्रकार, म्हणून तो डोंगरात जाऊन बौद्ध भिक्षू झाला. तीसेक वर्षं तिथे काढली. मग १६८० च्या सुमारास त्याचं डोकं फिरलं, किंवा त्याने फिरवून घेतलं. यावर अभ्यासकांचं अजून ठरत नाही. अंगावरची भिक्षूची वस्त्रं जाळून तो नानचांग शहरात रस्त्यावर हसत-रडत फिरू लागला. एके दिवशी दारावर 'मुका' असं लिहिलं आणि बोलणं बंद केलं. श्रीमंतांनी पैसे पुढे केले तरी त्यांना चित्र मिळत नसे. खाटीक आणि दारूवाल्याने बसवून पाजली की तो कागद मागवून वाटेल तेवढी काढून देई. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा माणूस अगदीच वाया गेलेला.

याचे पक्षी बघा. एका पायावर, खांदे वर करून, दगडाच्या टोकावर बसलेले. आणि डोळे! कधी गोल, कधी चक्क चौकोनी, त्यात बाहुली पार वरच्या पापणीला टेकलेली, बाकी सगळा पांढरा. पावणेसहाला खिडकीशी अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे कारकून ज्या नजरेने बघतो, ती नजर. हे पक्षी कोणाकडे बघतायत हे नव्या राजवटीला कळत नव्हतं असं नाही. पण पक्ष्याने डोळे वटारले म्हणून चित्रकाराला धरायचं तर तक्रारीत लिहायचं काय? तीनशे वर्षांपूर्वीच्या अंमलदारांना हा प्रश्न सुटला नाही. बादा म्हातारपणी आपल्या मरणाने १७०५ मध्ये मेला.

विसाव्या शतकातल्या अंमलदारांना तो सुटला. १९७३ साली ह्वांग योंगयू या चित्रकाराने एक घुबड काढलं, एक डोळा उघडा, एक मिटलेला. घुबडं अशी बसतात, बघणाऱ्यांनी बघितलं आहे. त्या काळात पंतप्रधान चौ एन-लाय यांनी परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलांत लावायला चित्रं करून घेतली होती, आणि माओंच्या पत्नीच्या गटाला चौंच्या अंगावर जायला काहीतरी निमित्त हवं होतं. निमित्त घुबडाने दिलं. १९७४ च्या सुरुवातीला बीजिंगमध्ये 'काळ्या चित्रांचं' प्रदर्शन भरलं. काळी म्हणजे शाईमुळे नव्हे, पापामुळे. घुबडाने मिटलेला डोळा म्हणजे समाजवादाबद्दलचा द्वेष, असा शोध लागला. त्याच प्रदर्शनात चेन दायू यांचा एक कोंबडा होता, चित्राचं नाव वसंताच्या स्वागताचं, पण कोंबड्याचा चेहरा स्वागताचा वाटत नाही, रागावलेला वाटतो, असा त्याच्यावर आरोप. कोंबड्याने हसायचं कसं, हे समितीने सांगितलं नाही. बिचारे इतके लोक चित्रांच्या समोरून रांगेने फिरवले गेले आणि त्या निमित्ताने त्यांना चांगली चित्रं फुकट बघायला मिळाली, हा त्या मोहिमेचा एकमेव फायदा.

ह्वांग योंगयू या सगळ्यातून तगले. १९८० साली टपाल खात्याने माकड वर्षाचं तिकीट काढलं, आठ फेनचं, त्यावरचं माकड त्यांचं आहे आणि ते आज टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचा जीव की प्राण आहे. ते स्वतः २०२३ मध्ये वारले, जवळजवळ नव्व्याण्णव वर्षांचे होऊन. त्या माकडाचे दोन्ही डोळे उघडे आहेत.

चिमणीवरही एक वेळ आली होती. १९५८ साली उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या यांच्याविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली. चिमण्या धान्य खातात म्हणून माणसं थाळ्या-ढोल बडवत छपरावर, झाडाखाली उभी राहिली, चिमण्यांना कुठेच टेकू देईनात, आणि दमून चिमण्या आकाशातून खाली पडल्या. मग कळलं की चिमण्या किडेही खात होत्या. १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातला. यात विनोद करण्यासारखं फारसं नाही. ढेकणाचं चित्र काढायची कोणाला इच्छा झाली नाही, एवढंच.

घरगुती पातळीवर मात्र पक्षी फार उपयोगी. लग्नात बुलबुलाची जोडी द्यावी, कारण तिकडच्या बुलबुलाचं डोकं पांढरं असतं: नवराबायको केस पांढरे होईपर्यंत सोबत राहोत. आनंदाच्या प्रसंगी मॅगपाय. परीक्षेला बसणाऱ्याला कमळाजवळचा बगळा. बऱ्याच जोड्या चिनी उच्चारांच्या सारखेपणावर जमवलेल्या. त्यामुळे घरात आलेला पाहुणा भिंतीवरचा पक्षी बघून आधी चित्र कसं आहे ते बघत नाही, या घरात कोण परीक्षेला बसलंय ते बघतो.

राहता राहिला कोरा कागद. चिमणी खालच्या कोपऱ्यात, फांदी डावीकडून आत आलेली, बाकी सगळं रिकामं. ते आकाश असतं, धुकं असतं, हिवाळा असतो, ज्याला जे हवं ते. बाराव्या-तेराव्या शतकातला मा युआन तर चित्राचा एकच कोपरा भरायचा म्हणून 'एक-कोपऱ्या मा' याच नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हे पटवणं कठीण. आमच्या सोसायटीतले एक काका असं चित्र बघून म्हणाले, "छान आहे. बाकीचं कधी रंगवणार?"

"झालंय काका, एवढंच आहे."

"एवढ्या मोठ्या कागदात एवढीशी चिमणी? मग लहान कागद घ्यायचास की."

काकांचा मुद्दा चिनी सम्राटांनाही पटला असावा. छ्येनलोंग सम्राट (१७११–१७९९) याला मोकळी जागा बघवत नसे. त्याच्याजवळ हजारावर शिक्के होते, आणि संग्रहातल्या थोर चित्रांच्या, हस्ताक्षरांच्या रिकाम्या जागेत तो ते लाल शाईने उठवी. शिवाय चित्र आवडलं की चित्रावरच अभिप्राय लिही. चित्रकाराने जपलेलं धुकं सम्राटाच्या पसंतीने भरून गेलं. आज ते शिक्के चित्राच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून किमतीत धरतात, म्हणजे गडावर नावं कोरणाऱ्या मंडळींनाही उमेद सोडायचं कारण नाही.

किमतीचं निघालंच आहे म्हणून. झेंग बानच्याओ हा अठराव्या शतकातला बांबूचा चित्रकार. त्याने १७५९ साली दरपत्रकच लिहून ठेवलं: मोठ्या चित्राला एवढी चांदी, लहानाला एवढी, आणि भेटवस्तू, खाऊ आणण्यापेक्षा रोख आणा, म्हणजे माझं मन प्रसन्न राहील आणि चित्रंही चांगली होतील. ओळखीचा, स्नेहाचा विषय काढू नये, हेही त्यात आलं. छी बाइशीनेही घरात दर लावले होते, आणि फुलांच्या चित्रात किडा किंवा पक्षी हवा असेल तर प्रत्येक नगाला जादा पडत. चारच्या आकड्यांचे पक्षी फुकट वाटलेल्या आपल्या पिढीने यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा. छी बाइशीचा शिष्य ली खूछान (१८९९–१९८३) शिकत असताना बीजिंगमध्ये रिक्षा ओढायचा. पुढे त्याने काढलेल्या गरुडांचे डोळे चौकोनी आहेत आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

हे सगळं वाचूनही ज्याला हात शिवशिवतो त्याने शुआन कागदावर पहिल्याच दिवशी पैसे घालवू नयेत. चीनमध्ये सरावाला जुनी वर्तमानपत्रं वापरायची पद्धत आहे. आपल्याकडे रद्दीचा तुटवडा नाही. रद्दीवाला यायच्या आधी एक गठ्ठा बाजूला ठेवा, अग्रलेखाचं पान पसरा आणि काढा चिमणी. शाई पसरेल, पाय फांदीला लागणार नाहीत, डोळा कुणावर तरी रागावल्यासारखा होईल. काही बिघडत नाही. त्या पानावर खाली जे छापलेलं आहे त्यापेक्षा चिमणी वाईट निघणार नाही, एवढी हमी मी देतो.